पणजीच्या रस्त्यावरचा फारिया आणि आपण

(शेतकरी व मच्छीमार बांधवांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही म्हणाल, खाजनाच्या बांधाचे बोलायचे, मासळीच्या भावाचे बोलायचे, ते सोडून या गृहस्थाने पुतळ्याचे काय काढले? पुतळ्याने पोट भरत नाही. कबूल आहे. पण पुतळा रस्त्यात उभा असतो आणि रस्ता तुमचाही असतो. तुम्ही कचेरीच्या कामाला पणजीला जाता, दाखल्यासाठी खेपा घालता, मासळीची पाटी घेऊन बाजाराला जाता, तेव्हा त्याच रस्त्याने चालता. ज्याच्या समोरून आपण वर्षानुवर्षे चालतो, तो कोण, त्याला तिथे कुणी उभा केला आणि तो आपल्याला काय सांगतो, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो हक्क आज आपण बजावू या.

मी बोलणार आहे तो पुतळा तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. बेतीहून फेरीबोटीने पणजीला उतरलात आणि मांडवीच्या काठाकाठाने जुन्या सचिवालयाकडे चालू लागलात, की आदिलशहाच्या त्या वाड्याच्या बाजूला तो दिसतो. अंगात पाद्रीचा झगा, दोन्ही हात पुढे ताणलेले, बोटे फाकलेली. आणि त्या हातांखाली एक बाई मागे कलंडते आहे, जणू तिच्या अंगातले बळच गेले आहे. मुले विचारतात, "हा बुवा त्या बाईला काय करतो?" कुणी सांगतो, भूत काढतो. कुणी सांगतो, जादू करतो. आणि मंडळी पुढे जातात, कारण फेरीची वेळ झालेली असते.

हा आबे फारिया. तो भूत काढीत नाही आणि जादूही करीत नाही. किंबहुना, यात जादू मुळीच नाही, हे जगाला प्रथम ठासून सांगणाऱ्यांपैकी तो एक आहे. आणि तो परका नाही, आपल्या बारदेशातल्या कांदोळीचा आहे.

कांदोळीचा मुलगा

त्याचे पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. जन्म ३१ मे १७५६, कांदोळी. बाप कोलवाळचा, आई कांदोळीची. घरात दोघांचे जमले नाही, दोघे वेगळी झाली. बाप पाद्री झाला, आई जुन्या गोव्याच्या मठात जोगीण झाली. मुलगा पंधरा वर्षांचा असताना बापाने त्याला गलबतावर घातले आणि १७७१ साली ते लिस्बनला पोचले. तुमच्यापैकी ज्यांची मुले बोटीवर आहेत, आखातात आहेत, त्यांना त्या आईच्या जिवाचे काय झाले असेल ते मी सांगायला नको. तो मुलगा पुन्हा गोव्याला परतला नाही.

तिथून रोमला जाऊन तो शिकला आणि १७८० साली पाद्री झाला. त्याच्याबद्दल एक आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देण्याची त्याला आज्ञा झाली. तो व्यासपीठावर चढला, समोर सगळा दरबार पाहिला आणि त्याची बोबडी वळली. शब्द फुटेना. तेव्हा खाली बसलेला बाप हळूच आपल्या बोलीत म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे, हे सगळे लोक पालापाचोळा आहेत, काप त्यांना, भिऊ नकोस. आणि मुलाची जीभ मोकळी झाली, प्रवचन धो धो वाहू लागले. गोष्ट अशीच्या अशी घडली की नाही, याचा दाखला मागू नये. आख्यायिकेला कागदपत्र नसतात. पण तिच्यातला मर्म लक्षात ठेवा. बापाने मुलाला कोणतेही बळ दिले नाही. बळ मुलात होतेच. भीतीने ते अडकले होते, एका शब्दाने सुटले. मानशीचे दार उघडावे आणि अडलेले पाणी आपोआप वाहावे, तसे. हा मर्म पुढे उपयोगी पडणार आहे.

ज्यांना फाशी दिली त्यांच्या गोतावळ्यातला

आता त्या काळचा गोवा कसा होता ते पाहा. इथला माणूस पाद्री होई, शिके, लॅटिन बोले, पण वरची जागा आली की ती गोऱ्या पाद्रीला. ही अन्यायाची सल वाढत गेली आणि १७८७ साली कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या आश्रयाने राज्य उलथून टाकण्याचा कट शिजला. आपण त्याला पिंतोंचे बंड म्हणतो. कट फुटला. धरपकड झाली, सत्तेचाळीस जणांना पकडले आणि १७८८ साली पंधरा जणांना पणजीत फासावर चढविले. लिस्बनमध्ये फारिया बापलेकांवरही संशय आला. त्याच सुमारास, १७८८ साली, मुलगा पॅरिसला निघून गेला.

तिथे फ्रान्सची राज्यक्रांती पेटली होती. हा पाद्री कोपऱ्यात जपमाळ ओढीत बसला नाही. १७९५ सालच्या पॅरिसमधल्या उठावात तो एका तुकडीच्या पुढे रस्त्यावर उतरला. पुढे काही वर्षे त्याने मार्सेय आणि नीम या शहरांत शिक्षकी केली. आणि १८१३ साली पॅरिसला परत येऊन क्लिशी रस्त्यावरील एका जागेत त्याने लोकांपुढे प्रयोग मांडायला सुरुवात केली. त्या प्रयोगांचेच चित्र पणजीच्या पुतळ्यात आहे.

प्रयोग काय होता

फारियाच्या आधी मेस्मर नावाचा एक वैद्य होऊन गेला होता. तो व्हिएन्नाहून १७७८ साली पॅरिसला आला. त्याचे म्हणणे असे की, माणसाच्या अंगात लोहचुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह असतो, तो आपण हाताने रोग्याच्या अंगात सोडतो आणि रोग बरा होतो. लोकांची झुंबड उडाली. बायका घेरी येऊन पडत, पुरुष किंचाळत, आणि उठल्यावर बरे वाटते म्हणत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्राचे आचार्य लाव्हाझिए होते. समितीने निकाल दिला की, असा कोणताही प्रवाह नाही. जे होते ते रोग्याच्या कल्पनेने होते.

समिती तिथे थांबली. कल्पनेने होते म्हणजे काहीच होत नाही, असा बहुतेकांनी अर्थ घेतला. फारिया तिथून पुढे निघाला. तो म्हणाला, कल्पनेने होते ना? मग ही कल्पना एवढे करते तरी कशी, ते पाहू या.

त्याची रीत अगदी साधी. माणसाला खुर्चीवर स्वस्थ बसवायचे. डोळे मिटायला सांगायचे. मन एकाग्र कर, झोपेचा विचार कर, असे सांगायचे. आणि तो शांत झाला की एकदम मोठ्याने म्हणायचे, "झोपा!" लोहचुंबक नाही, गंडा नाही, अंगारा नाही. काही माणसे खरोखर एका विशिष्ट झोपेत जात. त्या झोपेत ती ऐकत, बोलत, सांगितलेले करीत. काहींना त्यात काहीच होत नसे, आणि फारिया तेही उघड सांगे.

मग तो जे सांगे ते असे: ही झोप मी देत नाही. माझ्या हातात काही नाही, माझ्या डोळ्यांत काही नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनाच्या एकाग्रतेने. त्याने मन दिले नाही तर मी काहीही करू शकत नाही.

बंधूंनो, या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. व्यासपीठावर उभा असलेला माणूस, ज्याला पाहायला लोक पैसे मोजून आले आहेत, तोच लोकांना सांगतो आहे की शक्ती माझी नाही, तुमची आहे. आपले दुकान आपल्याच हाताने बंद करणारा असा दुकानदार तुम्ही किती पाहिलेत?

हसे झाले

पुढे व्हायचे तेच झाले. ज्यांचा त्या अदृश्य प्रवाहावर धंदा होता, ते चिडले. धर्ममार्तंडांना यात सैतान दिसला. विद्वानांना काळ्या कातडीचा हा परदेशी पाद्री डोळ्यांपुढे नको होता. असे सांगतात की, एका नटाने झोपेचे सोंग घेतले आणि ऐन वेळी डोळे उघडून फारियाची फजिती केली. १८१६ साली तर पॅरिसच्या रंगभूमीवर या वेडाची टर उडविणारे नाटकच आले. लोक हसले. प्रयोगाची जागा ओस पडली. म्हातारपणी फारियाने एका संस्थेत साध्या पाद्रीची नोकरी करून दिवस काढले आणि आपले विचार पुस्तकात लिहून काढले. ते पुस्तक १८१९ साली निघाले. त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या थडग्यावर नावाची शिळासुद्धा राहिली नाही.

पुढे १८४३ साली ब्रेड नावाच्या स्कॉटिश वैद्याने या झोपेला 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. आपण तिला संमोहन म्हणतो. त्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या नान्सी शहरातील वैद्यांनी मान्य केले की, सूचनेने माणसाच्या मनावर आणि शरीरावर परिणाम होतो, ही गोष्ट फारियाने आधीच सांगून ठेवली होती. १९०६ साली गोव्याचे डॉक्टर दालगादो यांनी त्याचे चरित्र फ्रेंचमध्ये लिहिले. १९२५ साली पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिला; याच मोनिझना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फारियाचे सगळेच बरोबर होते असे नाही. ज्याचे रक्त पातळ त्याला ही झोप लवकर येते, असे तो मानी. ते काही पुढे टिकले नाही. पण पाया त्याने बरोबर घातला होता.

एक गंमत सांगतो. फ्रेंच कादंबरीकार द्युमा यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी लिहिली. तिच्यात किल्ल्याच्या तुरुंगात एक शहाणा म्हातारा पाद्री आहे, त्याचे नाव आबे फारिया. तो तरुण कैद्याला विद्या शिकवितो आणि गुप्त धनाची जागा सांगतो. जगभर लोकांनी ते नाव वाचले. पण द्युमाने त्याला इटालियन करून टाकले. कांदोळीच्या पोराचे नाव जगभर फिरले आणि गाव मात्र हरवले.

तीन पुतळे

आता पुतळ्याकडे येऊ. तो १९४५ सालचा. शिल्पकार गोव्याचेच, रामचंद्र पांडुरंग कामत. राज्य पोर्तुगीजांचे, तेही सालाझारच्या हुकुमशाहीचे. सभा घ्यायला बंदी, लिहायला बंदी, बोलायला बंदी. डॉ. लोहियांनी मडगावला १८ जून १९४६ रोजी ती बंदी मोडली, त्याच्या अवघे एक वर्ष आधीची ही गोष्ट. अशा काळात, सरकारी कचेऱ्यांच्या त्या वाड्याला लागून, पिंतोंच्या बंडाचा संशय ज्याच्यावर होता त्या माणसाचा पुतळा उभा राहिला. ज्या सत्तेने त्याच्या गावच्या लोकांना फाशी दिली, त्या सत्तेच्या दारात! सत्ताधाऱ्यांना तो आपल्या साम्राज्याचा गौरव वाटला असेल. रस्त्याने जाणाऱ्या गोवेकराला मात्र तो आपला माणूस वाटला असेल. पुतळा एकच, पण उभा करणारे आणि पाहणारे त्यात वेगवेगळे पाहतात.

याच्या शेजारी आणखी दोन पुतळे आठवा. एक आल्बुकेर्कचा. त्याने १५१० साली गोवा जिंकला. आज ज्याला आपण आझाद मैदान म्हणतो, ते त्या काळी आल्बुकेर्कच्या नावाचे होते आणि त्याचा पुतळा तिथे होता. दुसरा कवी कामोंइश याचा. तो १९६० साली जुन्या गोव्यात उभारला, म्हणजे पोर्तुगीज राज्य संपायला दीडेक वर्ष राहिले असताना. आज हे दोन्ही पुतळे जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. मोडले नाहीत, वितळवले नाहीत, पण रस्त्यावरून आत गेले. इतिहास म्हणून ते जपावे हे योग्यच आहे. कामोंइश मोठा कवी होता, यात वाद नाही. पण कुणाचा पुतळा कुणी, कधी आणि कशासाठी उभा केला, हेही लोक विसरत नाहीत.

आणि फारिया? १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण त्याला कुणी हलविले नाही. तो जिथे होता तिथेच आहे. मडगावात त्याच्या नावाचा रस्ता आहे, तोही तसाच आहे. का? कारण तो कुणाला जिंकून उभा नाही. त्याच्या हातात तलवार नाही, पायाखाली कुणी तुडविलेला नाही. राज्य पोर्तुगीजांचे असो की आपले, तो आपलाच होता.

पुतळा बनतो कसा

ब्राँझ म्हणजे काय, ते तुम्हाला घरच्या भांड्यावरून सांगतो. तुमच्या घरी तांब्याचा हंडा असेल. भांड्याला कल्हई लावतात ते कथील. तांब्यात थोडे कथील मिसळून वितळविले की ब्राँझ होते. ते तांब्यापेक्षा कठीण असते आणि साच्यात सफाईने बारीक कोपऱ्यांपर्यंत जाते, म्हणून मूर्तिकाराला ते आवडते.

पण आधी धातू नसतो, आधी माती असते. चवथीच्या गणपतीसाठी चिकणमाती मळतात, तसाच शिल्पकार मातीचा नमुना करतो. आत सळ्यांचा सांगाडा असतो, नाहीतर पुढे झुकलेला हात आपल्याच वजनाने तुटून पडेल. मग त्यावरून साचा घेतात. ओतकामाची जुनी रीत अशी की, साच्यातून मेणाची पोकळ प्रत काढायची, तिला आतून-बाहेरून भाजणाऱ्या मातीचे लिंपण करायचे आणि भट्टीत घालायचे. मेण वितळून निघून जाते, त्याच्या जागी पोकळी राहते, आणि तिच्यात तापून लाल झालेला धातू ओततात. मोठा पुतळा तुकड्यातुकड्याने ओतून जोडतात, घासतात, रंग चढवितात. म्हणजे एका पुतळ्यामागे एकट्या शिल्पकाराचे नव्हे, तर ओतारी, भट्टीवाला, घासणारा, चौथरा बांधणारा गवंडी, अशा कितीतरी हातांचे काम असते. रापण ओढताना दोर पन्नास हातांचा असतो आणि नाव मात्र रापणीच्या मालकाचे होते, त्यातलाच हा प्रकार.

खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते ते मच्छीमाराला शिकवायला नको. गंज आत आत खात जातो. ब्राँझवर हिरवट थर येतो आणि तो आतल्या धातूला बराच झाकून ठेवतो. म्हणून ब्राँझ टिकते. पण समुद्राचे मीठ त्यालाही सोडीत नाही, म्हणून धुणे, पुसणे, मेणाचा हात देणे, ही निगा लागतेच. बांध एकदा घातला म्हणून जन्मभर राहत नाही. दर साली त्याला चिखल लावावा लागतो. पुतळ्याचेही तेच.

पुतळा खरे सांगतो का

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या पुतळ्यात आणि फारियाच्या शिकवणीत एक विरोध आहे, आणि तो आपण पाहिला पाहिजे.

पुतळ्यात सगळे बळ पाद्रीच्या हातांत दिसते. तो उभा, ती पडते. तो ताणलेला, ती गळालेली. पाहणाऱ्याला वाटते, त्याच्या बोटांतून काहीतरी निघते आहे आणि ती त्याखाली दबते आहे. म्हणजे ज्या अदृश्य प्रवाहाला फारियाने जन्मभर खोटे ठरविले, तोच प्रवाह त्याच्या पुतळ्यात लोकांना दिसतो! यात शिल्पकाराचा दोष नाही. एकाग्र होणारे मन ब्राँझमध्ये कसे दाखविणार? मन दिसत नाही, हात दिसतात. शिल्पकाराने जे दिसते ते दाखविले, आणि फार ताकदीने दाखविले. त्याने आपल्या कामगिरीला न्याय दिला. उरलेले काम पाहणाऱ्याचे आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, हा पुतळा पाद्रीकडून पाहू नका, त्या बाईकडून पाहा. चौथऱ्याला वळसा घाला आणि तिच्या बाजूला उभे राहा. फारियाच्या हिशेबाने या शिल्पातले खरे काम ती करते आहे. मन तिचे, एकाग्रता तिची, झोप तिची. त्याने फक्त शब्द दिला. तिने कान दिला नसता तर ते दोन हात हवेत नुसतेच लोंबकळले असते.

तुम्ही विचाराल, याचा आमच्या शेताशी, होडीशी काय संबंध? सांगतो, आणि हा जिवाशी गाठ असलेला संबंध आहे.

शेतात भात कापताना कुणाला जनावर चावले. घरची माणसे त्याला मंत्र घालणाऱ्याकडे नेतात. तो पाणी मंतरतो, पाला बांधतो, पुटपुटतो आणि माणूस उठून बसतो. लोक म्हणतात, बघा, मंत्राने विष उतरले. खरे काय झाले? साप बिनविषारी होता, किंवा विषारी होता पण त्याने दातातून विष सोडलेच नाही, असे पुष्कळदा होते. माणूस अर्धमेला झाला होता तो भीतीने. मंत्र घालणाऱ्याच्या शब्दाने भीती गेली. हे फारियाचेच तत्त्व: विश्वासाने भीती जाते, काही प्रमाणात दुखणेही हलके वाटते. पण रक्तात शिरलेले विष विश्वासाने जात नाही! त्याला इस्पितळातले प्रतिविषच लागते, आणि तेही वेळेवर. घोणस चावली आणि दोन तास मंत्रात घालविले, तर मन कितीही एकाग्र असले तरी मूत्रपिंड वाचत नाही. तेव्हा चावलेल्याला धीर द्या, त्याला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका, जखम कापू नका, चोखू नका, आणि थेट इस्पितळात न्या. धीर देण्याचे काम शब्दाचे, विष उतरविण्याचे काम औषधाचे. ही दोन कामे वेगळी ओळखणे म्हणजेच फारिया समजणे.

मी इथे कुणाच्या श्रद्धेवर घाव घालीत नाही. तुम्ही देवाला गाऱ्हाणे घालता, कौल घेता, दर्याला नारळ देता. खवळलेल्या दर्यात होडी लोटणाऱ्याला मनाची उभारी लागते, आणि ती कुठून घ्यावी हे त्याचे त्याने ठरवावे. मी सांगतो ते त्या माणसाबद्दल, जो तुमच्या उभारीचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि वर तिचे पैसे मागतो.

तो माणूस सगळीकडे भेटतो. बाजारात बाटली उंच धरून "सर्व रोगांवर एकच औषध" म्हणणारा तो. तीन महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणून गावात चटई टाकून बसणारा तो. निवडणुकीत उंच मंचावर हात पसरून उभा राहणारा, मी आहे म्हणून तुम्ही आहात असे सांगणाराही कधी कधी तोच. मी आता तुमच्यापुढे बोलतो आहे, तेव्हा हे मलाही लागू आहे. माझ्या शब्दात जोर वाटला तर तो तुमच्या ऐकण्याने आला आहे. घरी जाऊन थंड डोक्याने विचार करा आणि पटले तेवढेच ठेवा.

गावाने विचारायचे तीन प्रश्न

शेवटी व्यवहाराचे. हल्ली गावोगावी चौकात पुतळा हवा, असा आग्रह असतो. आग्रह वाईट नाही. आपल्या थोरांची आठवण रस्त्यात असावी. पण ग्रामसभेत हात वर करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा.

पहिला: या माणसाने काय केले, हे गावच्या शाळेतले पोर चार वाक्यांत सांगू शकेल का? नसेल, तर आधी शाळेत सांगा, मग चौकात उभा करा. फारियाच्या पुतळ्यासमोरून लाखो लोक गेले आणि भूत काढणारा बुवा समजून गेले. ब्राँझ बोलत नाही; बोलावे माणसांनाच लागते.

दुसरा: जागा कुणाची जाते? मासळी सुकविण्याची वाळू, मळणीचे खळे, फेरीच्या धक्क्याची वाट, बाजारात बाईची पाटी ठेवायची जागा, यांतले काही अडते का? थोर माणूस गरिबाच्या पोटावर उभा राहिला तर त्याचे थोरपण कमी होते.

तिसरा: निगा कोण राखणार? उद्घाटनाला हार घालायला शंभर जण येतात. दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ खरवडायला कोण येणार, त्याचे नाव ठरावात लिहून घ्या.

आणि एक सूचना. पुतळा नेहमी नाव असलेल्याचाच असावा असे कुठे आहे? चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील रस्त्याला १९५९ सालचे एक शिल्प आहे, देवीप्रसाद रायचौधरी यांचे. चार मजूर एक प्रचंड दगड हलवीत आहेत. अंगावर लंगोट्या, पाठीच्या शिरा ताणलेल्या. कोणी राजा नाही, सेनापती नाही. त्याचे नाव 'श्रमाचा विजय'. समुद्राच्या काठी तो विजय आहे. आपल्याही एखाद्या किनाऱ्यावर दोर ओढणारे रापणकार, एखाद्या तिठ्यावर खाजनाच्या बांधाला चिखल लावणारी बाई उभी राहायला काय हरकत आहे? ते बनविणारे कारागीर आपल्याकडे आहेत. मागणी करणारे हवेत.

पुढच्या वेळी पणजीला जाल तेव्हा दहा मिनिटे आधी निघा. सोबत मुलगा असेल, नातवंड असेल, तर त्याला चौथऱ्याजवळ उभे करा आणि सांगा: हा कांदोळीचा. याच्या गावच्या माणसांना याच शहरात फाशी झाली. हा दूर देशी गेला, तिथे त्याला हसले, त्याच्या थडग्यावर दगडही राहिला नाही. आणि त्याने सांगितले ते हे की, माझ्या हातात काही नाही, जे आहे ते तुझ्यात आहे. एवढे सांगा आणि मग फेरी पकडा.